केडी किती हाय गा तुझा?

मागच्या महिन्यात मावशीचा पोरगा खानापूरहून आमच्याकडं राहायला आला होता. दहावीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली, आणि बेळगावात वडगावच्या आमच्या घरात नेट त्यांच्यापेक्षा बरं चालतंय म्हणून चार दिवस मुक्काम. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं आणि त्याचे दोन मित्र असा स्क्वॉड करून मोबाईलवर शंभर जणांचा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत जो टिकला तो जिंकला असला गेम, खेळत बसायचो. दुसऱ्या दिवशी एका मॅचला मी एका घरामागं नॉक झालो, म्हणजे गोळी लागून खाली पडलो, सोबत्यानं येऊन उचललं तरच परत उठता येतंय. तो माझ्यापासनं दहा पावलांवर, मधे भक्कम भिंत, समोरचा गडी लांब डोंगरावर, म्हणजे मला उचलायला वेळच वेळ होता. मी म्हटलं, "बारक्या, ये की, उचल मला." तर तो तिथनंच म्हणाला, "दादा, आलो तर मी पण मरतोय बघ, केडी पडतोय माझा."

आणि खरंच आला नाही. मी रांगत रांगत भिंतीपर्यंत गेलो आणि तिथंच संपलो.

राग नाही आला मला, वाईट वाटलं, कारण हाच पोरगा दिवाळीत माझ्यासाठी उघड्या मैदानातनं धावत यायचा, मरायचा, हसायचा, परत पुढची मॅच लावायचा. झोपायच्या आधी गच्चीवर बसून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्या वर्गातल्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रात्रीचे स्क्वॉड त्यात ठरतात, आणि कुणाला आत घ्यायच्या आधी पहिला प्रश्न एकच, "केडी किती हाय गा तुझा?" तीनच्या खाली असला की जागा नाही. नुसतं तोंडानं सांगून चालत नाही, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट टाकायला लागतोय. ह्याचा पावणेदोन होता, जानेवारीत ह्याला काढलं. तेव्हापासनं हा लपून बसायला लागला, शेवटच्या दहात आला तरी गोळी मारायची नाही, खात्री असली तरच मारायची, आणि कुणी पडलं तर बघत बसायचं. अडीचपर्यंत आणलाय म्हणे आकडा. हे सांगताना त्याच्या आवाजात आनंद बिलकूल नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केडी म्हणजे तुम्ही किती जणांना मारलं आणि किती वेळा मेलात याचं गुणोत्तर. एवढंच. पण त्या दिवसापासनं एक विषय माझ्या डोक्यातनं जात नाही, की ऑनलाईन गेममध्ये खेळाडूची कामगिरी मोजणारी ही टूल्स असावीत का नसावीत. मी सतरा-अठरा वर्षं खेळालोय, कॅफेत खेळलो, पीसीवर खेळलो, आता मोबाईलवर, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. असावीत, आणि अर्धवट नको, चांगली खोल असावीत. पण ज्याचा हिशेब त्याच्या हातात असावा. अनोळखी माणसानं दारातच उभं करून तो मागायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

काही जण म्हणतात मोजायचंच कशाला, गेम मजेसाठी असतोय. त्यांचं मन मला कळतंय, पण मोजणं थांबणार नाही हो. तुम्ही किती गोळ्या मारल्या, किती लागल्या, कुठं मेलात हे सर्व्हरकडं असतंयच, त्याशिवाय गेमच चालणार नाही. तुमच्या तोडीचा खेळाडू शोधायला गेम आतल्या आत तुमचा एक आकडा ठेवतोय, एमएमआर म्हणतात त्याला, आणि बऱ्याच गेममध्ये तो तुम्हाला दाखवत पण नाहीत. ह्याचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाड एलो नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानं रेटिंगची पद्धत बसवली, फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, ती १९७० मध्ये घेतली, आणि तिथनं ती कल्पना व्हिडिओ गेममध्ये आली. त्या रेटिंगची एक गोष्ट मला फार आवडते, ते फक्त कुणाशी खेळलात आणि निकाल काय लागला एवढंच विचारतंय, मोहरे किती मारलेत हे विचारत नाही. वजीर देऊन मात केली तरी तुमचे गुण कमी होत नाहीत. केडीला हे कळत नाही.

तालमीत हेच काम वस्ताद करतोय. आजोबा मला लहानपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला न्यायचे. बारक्या पोरांच्या जोडी लावताना दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं, वजन बघायचं, उंची बघायची, मान-खांदे बघायचे, आणि "ह्याला ह्यो बरा" म्हणून सोडायचं. जोड लावणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक पोराचा हिशेब असतोय, ह्याचा पट चांगला, त्याचा दम कमी, सगळं. तो हिशेब कुस्ती रंगावी म्हणून असतोय. एखाद्याला जोड मिळाली नाही तर तो लंगोट बांधून बसून राहतोय, पुढच्या वेळी बघू म्हणतात, पण "तू कमी आहेस, नीघ" असं त्याला कुणी म्हणत नाही. आणि वस्ताद तो हिशेब गावभर वाचून दाखवत पण नाही, ज्या पोराची चूक आहे त्यालाच बाजूला घेऊन सांगतोय.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण माझं मत पुस्तक वाचून नाही झालेलं.

मी उद्यमबागला व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापायच्या मशीनवर, कामाला आहे. लग्नाआधी दुसरी शिफ्ट असली की रात्री अकरा-साडेअकराला घरी यायचं, जेवायचं आणि पीसीवर एक एमएमओ, म्हणजे हजारो लोक एकाच ऑनलाईन दुनियेत खेळतात असला गेम, खेळत बसायचं. मी हीलर होतो, म्हणजे बाकीच्यांची हेल्थ भरायची हे माझं काम. आठ जणांचा ग्रुप, देशोदेशीचे लोक, एक मोठा बॉस. असल्या बॉसला एन्रेज असतंय, म्हणजे ठरलेल्या वेळात मेला नाही तर तो एका फटक्यात सगळ्यांना संपवतोय. आमचा बॉस तीन टक्के उरायचा आणि आम्ही संपायचो, दोन आठवडे रोज हेच. एका रात्री लीडरनं सगळ्यांचे आकडे चॅटमध्ये टाकले. कुणाचं डॅमेज सेकंदाला किती, आणि दोन हीलरपैकी माझं निम्म्याहून कमी. मी उत्तर टाइप करेपर्यंत ग्रुपमधनं बाहेर. दीड वाजला होता. मी स्क्रीनकडं बघत बसलो, मग लाईट बंद करून झोपलो, आणि दहा-बारा दिवस गेम उघडलाच नाही. त्या ग्रुपमधल्या कुणाला वाटलं पण नसेल की ह्याला काही लागलं असेल.

त्याच ग्रुपमध्ये फिलिपीन्सचा एक टँक होता, म्हणजे बॉसचे फटके अंगावर घेणारा खेळाडू. त्यानं मला नंतर मेसेज केला की त्या रात्रीचा लॉग माझ्याकडं आहे, वेळ असेल तर बसूया. रविवारी दुपारी बसलो. लॉगमध्ये प्रत्येक क्षणाची नोंद असते, कुठल्या सेकंदाला कुठला स्पेल टाकला, कुणाला लागला, किती उपयोगी पडला, किती वाया गेला. त्यानं मला दाखवलं की माझ्या हीलिंगपैकी जवळजवळ निम्मं ओव्हरहील आहे, म्हणजे समोरच्याची हेल्थ भरलेलीच आहे आणि मी भीतीपोटी परत परत ओततोय. दुसरं दाखवलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील, बॉस सरकायला लागला की मी चालत असताना काहीच करत नव्हतो, टाइमलाईनवर नुसती मोकळी जागा, तीन सेकंद, चार सेकंद, परत तीन. "ऑलवेज बी कास्टिंग", हात थांबवू नकोस, एवढंच तो म्हणाला. चालतानाही टाकता येतात असले स्पेल त्या वेळेसाठी राखून ठेव म्हणाला. पुढच्या तीन आठवड्यांत मी दुसऱ्या ग्रुपबरोबर तो बॉस मारला आणि एवढ्या रात्री कुणाला सांगू म्हणून आईला उठवून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण चहा ठेवला तिनं.

लॉग एकच होता की. एकानं तोच बघून मला बाहेर काढलं, दुसऱ्यानं तोच बघून मला शिकवलं. म्हणून कुणी मीटर, म्हणजे हे आकडे दाखवणारं टूल, काढून टाका म्हटलं की मला ते पटत नाही, लॉग नसता तर मला ती तीन-चार सेकंदांची मोकळी जागा कधीच दिसली नसती, मी आयुष्यभर समजत राहिलो असतो की माझं नेट स्लो आहे.

आणखी एक. आकडे नसले की भांडण मिटतं असं नाही, दोष मग जो गप्प आहे त्याच्यावर जातोय. नव्या ग्रुपमध्ये एकदा टँक मेला आणि सगळे माझ्यावर आले, हीलर झोपला होता काय वगैरे. लॉग उघडला तर एका सेकंदाच्या आत दोन मोठे फटके बसलेले, आणि त्यानं आपली ढाल वापरलेलीच नाही, मधे हील टाकायला जागाच नव्हती. दोन मिनिटांत विषय संपला. माझी आतेबहीण इथंच इंजिनिअरिंगला आहे, व्हॅलोरंट हा गोळीबाराचा टीम गेम खेळते, मुंबईचा सर्व्हर असल्यामुळं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ, बरा मिळतोय. ती माईक कायम बंद ठेवते, कारण मुलीचा आवाज ऐकला की काय काय ऐकायला लागतंय ते तिनं मला सांगितलंय आणि मी इथं लिहिणार नाही. ती म्हणते, "दादा, मॅच चालू असताना तो स्कोअरबोर्ड दिसतोय म्हणून बरं, नायतर हरलो की सगळं माझ्याच नावावर गेलं असतं." तिच्या ह्या बोलण्यानं माझं मत थोडं बदललं. आधी मी सरसकट म्हणत होतो की दुसऱ्याला काहीच दिसू नये. आता म्हणतो, ज्यांच्याबरोबर ती मॅच खेळलात त्यांना त्या मॅचपुरतं दिसूदे, त्यांनी सोबत घाम गाळलाय. पण मागच्या दोनशे मॅचचा इतिहास काढून, खेळायच्या आधीच, "हा नको" म्हणायचा हक्क कुणालाच नको.

गेम बनवणारे पण ह्यात वर्षानुवर्षं इकडून तिकडं जायलेत. ओव्हरवॉच हा गोळीबाराचा टीम गेम २०१६ ला आला तेव्हा सगळ्यांचा एकत्र स्कोअरबोर्ड त्यांनी ठेवलाच नव्हता, तुम्हाला फक्त तुमचे आकडे आणि सोनं-चांदी-ब्राँझची मेडल्स दिसायची. झालं काय, तर लोक "माझं डॅमेजचं गोल्ड आहे, तुम्ही काय करताय" म्हणून त्यावरच भांडायला लागले. २०१८ ला त्यांनी प्रोफाइल आपोआप प्रायव्हेट केली, कारण लोक मॅच सुरू व्हायच्या आधी दुसऱ्याचं प्रोफाइल उघडून त्याला हिणवायचे. आणि २०२२ ला ओव्हरवॉच २ बरोबर पूर्ण स्कोअरबोर्ड आला. लीग ऑफ लेजंड्सनं २०२२ मध्येच रँक्डला, म्हणजे क्रमवारीच्या मॅचला, हिरो निवडायच्या वेळी सोबत्यांची नावं झाकली, म्हणजे नाव टाकून बाहेरच्या साईटवर त्याचा इतिहास काढता येऊ नये. व्हॅलोरंटमध्ये बाहेरच्या ट्रॅकर साईटला तुमचा डेटा दाखवायचा तर आधी तुमची परवानगी लागते. डोटा २ मध्ये मॅचचा डेटा उघडा ठेवायचा की नाही ह्याचं बटण तुमच्याच सेटिंगमध्ये आहे. ही बटणवाली पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची गोष्ट जरा लांबट आहे पण सांगायलाच पाहिजे. २००४ चा एमएमओ. लढाईचा लॉग तो स्वतःच लिहितो, आणि खेळाडूंना ॲडऑन, म्हणजे गेमला बाहेरनं जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बनवायची मुभा पहिल्यापासनं होती, म्हणून रीकाउंट, डीटेल्स असले डॅमेज मीटर खेळाडूंनीच बनवले. मग गिअरस्कोअर आला, तुमच्या अंगावरच्या सगळ्या सामानाचा मिळून एक आकडा, आणि चौकात उभं राहून लोक ओरडायला लागले की एवढ्याच्या वरचे या, बाकीचे येऊ नका. त्या आकड्याला हे कळायचं नाही की ह्या माणसाला बॉस माहीत आहे का, आगीत उभं राहायचं नसतंय हे माहीत आहे का. पुढं कंपनीनं स्वतःच सामानाची सरासरी पातळी खेळाडूला दाखवायला सुरुवात केली. डंजनच्या, म्हणजे छोट्या मोहिमांच्या, स्कोअरचं पण तसंच, आधी बाहेरच्या साईटनं मोजला, मग गेममध्ये आला. आणि इतक्या वर्षांनी मिडनाइट विस्तारात कंपनीनं स्वतःचा डॅमेज मीटर आत दिला आणि लढाईतल्या ॲडऑनवर बंधनं आणली. म्हणजे बनवणाऱ्यानं दिलं नाही तर बाहेरचा कुणीतरी देणारच, आणि बाहेरचा देताना तुमच्या लाजेचा, तुमच्या खाजगीपणाचा विचार करेलच असं नाही.

फायनल फँटसी १४ ह्या एमएमओमध्ये ह्याची उलटी बाजू दिसते, आणि माझ्या मते ती जास्त अन्यायाची आहे. तिथं बाहेरची टूल्स नियमानं बंद आहेत, गेमचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी वापरू नका म्हणून जाहीर सांगितलंय, आणि ह्यामागं लोकांना आकड्यांवरनं छळू नये ही चांगली भावना आहे हे मी मानतो. तिथं पुतळ्यावर एकट्यानं सराव करून आपलं डॅमेज पुरेसं आहे का ते तपासायची सोय पण आहे, ती चांगलीच आहे. पण लढाईतला अधिकृत मीटर नाही. आणि पीसीवाल्यांकडं चालणारं टूल अख्ख्या पार्टीचे आकडे मोजतंय. म्हणजे बघा, प्लेस्टेशनवर खेळणाऱ्या माणसाचा आकडा त्याच्या पार्टीतला पीसीवाला गुपचूप बघू शकतोय, आणि तो आकडा ज्याचा आहे त्यालाच बघायची सोय नाही. वरनं कुणी चांगल्या मनानं सांगायला गेला की बाबा तुझं इथं चुकतंय, तर त्यालाच भीती, कारण तू मोजलंस म्हणजे नियम मोडलास. माझा तो फिलिपीन्सचा मित्र असल्या भीतीनं गप्प बसला असता तर मी तो खेळ सोडून दिला असता.

हे झालं कुणी बघावं याचं. काय मोजायचं हा त्याहून मोठा घोळ आहे आणि इथं मला आमच्या शॉपमधली गोष्ट सांगाविशी वाटते.

आधी मी जिथं कामाला होतो तिथं दारातच मोठा बोर्ड होता. प्रत्येक ऑपरेटरचं नाव आणि त्यापुढं शिफ्टचा काउंट. सोपं जॉब ज्याच्याकडं, त्याचा काउंट दोनशे, आणि बारीक टॉलरन्सचा बोअर, म्हणजे मापात केसभर फरक न चालणारं भोक, ज्याच्याकडं, त्याचा सत्तर. सेटिंगला दोन तास गेले ते बोर्डवर येत नाहीत. कटरचा इन्सर्ट मोडला, क्रेनची वाट बघितली, नव्या पोराला शिकवलं, ह्यातलं काहीच येत नाही. सहा महिन्यांत काय झालं, अवघड जॉब घ्यायला कुणी तयार होईना, नव्या पोराला कुणी शिकवेना, आणि काउंट वाढला तसं रिजेक्शन पण वाढलं. सगळ्यात जुने जे काका होते, ज्यांच्या हाताचा बोअर माप तपासायच्या गेजला कधी अडकायचा नाही, त्यांचं नाव कायम तळाला. येणारे-जाणारे बघायचे. ते कधी काही बोलले नाहीत, पण बोर्डच्या बाजूनं यायचं सोडून मागच्या गेटनं यायला लागले. नंतर नवीन सुपरवायझर आला, त्यानं बोर्डवर नुसत्या लाईनचा काउंट आणि रिजेक्शन ठेवलं, आणि ज्याचा त्याचा कागद शनिवारी ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लागला, त्यात सेटिंगचा वेळ वेगळा, चांगले पीस वेगळे. भांडणं कमी झाली हे मी डोळ्यानं बघितलंय. काका परत पुढनं यायला लागले.

गेममध्ये हे रोज होतंय. हीलिंगचा आकडा घ्या, दोन हीलर असतील आणि दुसऱ्यानं आधी हेल्थ भरली तर माझा आकडा पडणारच, त्यात माझी काय चूक? डॅमेज वाढवायला लोक ज्या बारक्या राक्षसांना मारायची गरजच नाही त्यांना मारत बसतात, पॅडिंग म्हणतात त्याला, मीटरवर पहिले येतात आणि बॉस मागं राहतोय. लॉगच्या साईटवर टक्केवारीचे रंग असतात, पंचवीसच्या खाली राखाडी, मग हिरवा, निळा, जांभळा, पंचाण्णवला केशरी. सगळे कितीही सुधारले तरी निम्मे लोक निम्म्याच्या खालीच असणार, गणितच तसं आहे, पण "ग्रे" ही शिवी झाली. आणि लाईट गेली तर? आमच्याकडं पावसाळ्यात मॅचच्या मधेच लाईट जाते, राऊटर बंद, मी बाहेर, आकड्यात मी मेलेला. त्या मॅचच्या पुढं "वडगावात पाऊस होता" असं कुठं लिहिलेलं नसतंय.

टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल. आता गावोगावच्या टूर्नामेंटला क्रिकहीरोजवर स्कोअर ठेवतात, त्यामुळं शेतात काम करून येऊन खेळणाऱ्या पोराचा पण स्ट्राईक रेट मोबाईलवर दिसतोय, आणि मला त्याचं फार कौतुक आहे, ज्याचं नाव कधी कुठं छापून आलं नसतं त्याच्या रन्स राहतात. पण आमच्या टीमचा एक बॉलर शेवटची ओव्हर टाकतोय, कायम, कारण दुसरं कुणी ती घ्यायला तयार नसतंय. त्याची इकॉनॉमी टीममध्ये सगळ्यात वाईट. आम्हाला माहीत आहे तो कोण आहे, कॅप्टन पहिलं नाव त्याचंच लिहितो. यळ्ळूरच्या किंवा कडोलीच्या कुणी नुसता मोबाईल बघून टीम निवडली तर तो त्यात नसेल.

आणि म्हणून मला ते कॅफेचे दिवस आठवतात. २००८-०९ च्या सुमाराला खानापूर रोडला एका कॅफेत दहा पीसी होते, आम्ही काउंटर-स्ट्राईक खेळायचो, टॅब दाबलं की सगळ्यांचे किल आणि सगळ्यांचे डेथ सगळ्यांसमोर. कधी कुणाला त्याचं ओझं वाटलं नाही. चार नंबरच्या पीसीचा माऊस अडकतोय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यावर बसलेल्याला पाच किल पडले तरी आम्ही ओरडायचो. कोण ट्युशन बुडवून आलाय, कोण पहिल्यांदाच खेळायलाय, कोण नुसता बॉम्बजवळ उभा राहून राखण करायलाय, दिसत होतं की सगळं. आकड्याशेजारी माणूस बसलेला असायचा. आता तो आकडा एकटाच फिरतोय.

परवा एका रँडम स्क्वॉडमध्ये गोकाकचा एक पोरगा होता, आवाजावरनं वीस-बावीसचा. मी पडलो, तर तो धुराचा बॉम्ब टाकून आला, उचललं मला, आणि "अण्णा, लगूनं बा, लगूनं बा", लवकर ये म्हणून मला पुढं ढकलत ढकलत सुरक्षित झोनमध्ये नेलं आणि शेवटी मागं वळून गोळी खाऊन तोच गेला. मी टॉप फाईव्हला पोचलो. निकालाच्या पानावर त्याचे शून्य किल. किती जणांना उचललं तो आकडा पण गेममध्ये असतोय हो, पण बारक्याच्या वर्गात तो कुणी विचारत नाही.

आकडा म्हणजे वाईटच असं माझं मत नाही हे परत सांगतो. सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा आमच्या गल्लीत पोरांनी आपापल्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. लॉकडाऊनमध्ये घरात अडकून रात्र-रात्र एकत्र खेळलेलं सगळं त्यात होतं, कोण कुणाबरोबर किती मॅच खेळला, कधी पहिल्यांदा चिकन डिनर, म्हणजे मॅच जिंकल्याचा शिक्का, मिळाला. त्यातला एक मित्र आता दुबईला आहे, त्याच्याकडं तो स्क्रीनशॉट अजून आहे. पुढं २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आला, २०२२ ला तो पण बंद झाला, २०२३ ला परत आला, आणि प्रत्येक वेळी पोरांना पहिली काळजी ही की आमचं जुनं सगळं राहतंय का जातंय. आपण केलेल्या गोष्टीची नोंद राहावी असं माणसाला वाटतंयच, ते काढून घेऊ नका.

मला काय पाहिजे ते एवढंच आहे. मॅच संपली की माझं मला नीट सांगा, कुठं थांबलो, कुठं वाया घालवलं, पुढच्या वेळी काय करू, कागद हातात देणाऱ्या त्या सुपरवायझरसारखं. उचलल्याचं, झाकल्याचं, वाट अडवून धरल्याचं पण मोजा, आणि ते वरच्या ओळीत लिहा, तिसऱ्या पानावर नको. मला वाटलं तर मी ते माझ्या वस्तादाला दाखवीन, माझ्या ग्रुपला दाखवीन, नाही वाटलं तर नाही. लिचेस ह्या बुद्धिबळाच्या साईटवर झेन मोड आहे, खेळताना रेटिंगच दिसत नाही, तसं एक बटण प्रत्येक गेमला असूदे. अठराच्या खालच्या पोरांचं प्रोफाइल तर पहिल्यापासनंच झाकलेलं असूदे, ते उघडायला लावणारं पोरगं पण पोरगंच असतंय, त्याला कळत नाही आपण काय करालोय. मोठ्या स्पर्धा, पगारी खेळाडू, त्यांचं वेगळं, त्यांनी ते स्वतः निवडलंय.

बारक्या जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, महिनाभर प्रोफाइल उघडायचं नाही, त्याच्या दोघा मित्रांनी पण नाही. त्याच्या जुन्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर रोज दोनच गोष्टी लिहायच्या, आज किती जणांना उचललं आणि आज एक नवीन काय जमलं. पहिले दोन दिवस त्याला ते पटलं नाही, मेसेज आला, "दादा, ह्याचा काय उपयोग?" मग वहीचे फोटो यायला लागले. मंगळवारी नऊ उचलले, त्यात चार वेळा स्वतः मेला. गुरुवारी लिहिलेलं, धुराचा बॉम्ब आधी टाकायचा, मग पळायचं.

वर्गाच्या ग्रुपमध्ये त्याला अजून घेतलेलं नाही. काल फोनवर विचारलं तर म्हणाला, "विचारत्यात अजून केडी. मी सांगितला नाही."